मोटारहोमचे पहिले दिवस: लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काही आठवडे किंवा काही महिने मोटारहोममध्येच, म्हणजे आत झोपायची-रांधायची सोय असलेल्या गाडीतच, राहायचं ठरवून निघणारे लोक आधी रस्त्याबद्दल विचारतात. कुठून जायचं, काय बघायचं, किती दिवस लागतील. प्रवासाची घडी मात्र बसते गाडीच्या आत, आणि विस्कटते तीही तिथेच. पाणी का संपलं, वीज कुठे गेली, मागचा कोपरा कशाला घासला, कोण कशावरून वैतागलं, हे सगळं पहिल्या चार-पाच दिवसांत समोर येतं. म्हणून इथले प्रश्न त्याच दिवसांपुरते ठेवले आहेत.

पहिल्या दिवशी किती अंतर जावं?

मनात जेवढं असेल त्याच्या निम्मं. नकाशा जो वेळ दाखवतो तो कारचा असतो. मोटारहोमला त्याच्या दीडपट धरा; इंधन, जेवण आणि चुकलेली वळणं वेगळी. उत्तर अमेरिकेतल्या मोटारहोमवाल्यांमध्ये तिनाचा एक नियम रूढ आहे: दिवसाला फार तर ३०० मैल, म्हणजे सुमारे ४८० किलोमीटर, दुपारी ३ च्या आत मुक्कामी, आणि एका जागी ३ रात्री. सरावलेल्यांसाठी तो चांगला आहे. पहिल्या आठवड्यात मात्र दीडशे-दोनशे किलोमीटर पुरे होतात.

दुपारी तीनची अट तेवढी जशीच्या तशी पाळा. नवीन माणसाला गाडी जागेवर लावून, सपाट करून, वीज-पाणी जोडून घ्यायला तास सहज जातो. हेच काम अंधारात, टॉर्च तोंडात धरून आणि शेजारचे झोपलेले असताना करायची वेळ आली, की पहिल्याच रात्री सगळ्यांचा उत्साह मावळतो.

पहिला मुक्काम कुठे करावा?

सोयी असलेल्या कॅम्पसाइटवर. वीज, पाणी, टॉयलेट रिकामं करायची जागा आणि विचारायला कोणी माणूस, एवढं तरी तिथे हवं. डोंगरकड्यावरची एकांताची जागा पाचव्या-सहाव्या दिवशीही तिथेच असते. पहिल्या दोन रात्री एकाच ठिकाणी काढता आल्या तर फारच उत्तम. दुसऱ्या दिवशी गाडी हलवायचीच नसल्यामुळे कपाटं पुन्हा लावता येतात आणि कोणतं बटण कशाचं आहे हे दिवसाउजेडी बघता येतं.

निघण्याआधी घराजवळ एक रात्र काढून बघायची खरंच गरज आहे का?

आहे. गाडी नवी कोरी असेल तर अधिकच आहे. नव्या मोटारहोममध्ये सैल राहिलेला नळाचा जोड, नीट न बसलेली कपाटाची कडी, पाणी झिरपणारी खिडकी अशा गोष्टी निघतातच, आणि त्या वापरल्याशिवाय कळत नाहीत. अंगणात उभी करून चालणार नाही. पाणी तापवा, पूर्ण जेवण रांधा, अंघोळ करा, टॉयलेट वापरा, रात्री झोपा, सकाळी सगळं रिकामं करून या. जे मिळालं नाही त्याची यादी करा. जे हातात घ्यावंच लागलं नाही त्याचीही करा, दुसरी यादी जास्त उपयोगाची ठरते.

गाडीत भरपूर जागा आहे. मग वजनाची एवढी काळजी कशाला?

कारण जागा आणि वजन यांचा एकमेकांशी संबंध नाही. कपाटं रिकामी असतानाच गाडी मर्यादेपर्यंत पोचलेली असू शकते. युरोपातल्या बऱ्याचशा मोटारहोमची नोंद ३,५०० किलोला केलेली असते. पलंग, फ्रीज, हीटर, गाडीच्या बाजूला उघडणारी कापडी छत्री, सौर पॅनल बसवून गाडीच ३,००० किलोच्या पुढे गेलेली असते. उरलेल्या चारशे-साडेचारशे किलोमध्ये माणसं, पाणी, गॅस, अन्न, कपडे, खुर्च्या आणि सायकली बसवायच्या असतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणजे १०० लिटरची टाकी भरली की १०० किलो तिथेच गेले.

सगळं सामान भरून, सगळी माणसं बसवून आणि इंधनाची टाकी भरून गाडी वजनकाट्यावर न्या. एकूण वजनाबरोबर पुढच्या आणि मागच्या आसाचं वजन वेगवेगळं घ्या. एकूण आकडा बरोबर असूनही मागचा आस मर्यादेबाहेर गेलेला असू शकतो. त्याचं कारण मागच्या चाकांच्याही मागे लटकणारा भाग. समजा दोन आसांमध्ये ४ मीटर अंतर आहे आणि मागच्या आसापासून २ मीटर मागे सायकलींचा ६० किलोचा रॅक लावला. मागच्या आसावर ६० नव्हे, ९० किलो वाढतात, आणि पुढच्या आसावरचे ३० किलो कमी होतात. पुढची चाकं हलकी झाली की स्टीअरिंग सैल वाटायला लागतं, आणि इंजिन पुढच्या चाकांना जोडलेलं असेल तर ओल्या गवतातून गाडी बाहेरच निघत नाही.

जड वस्तू खाली आणि दोन आसांच्या मध्ये, हलक्या वस्तू वर. डबाबंद अन्न, अवजारं, पाण्याच्या बाटल्या वरच्या कपाटात कधीच नकोत. जोरात ब्रेक लागला की कपाटाची कडी त्यांना अडवू शकत नाही.

एवढी मोठी गाडी चालवणं जमेल का?

जमेल. सरळ रस्त्यावर तासाभरात हात बसतो. शिकायच्या गोष्टी तीन-चारच आहेत, पण त्या रहदारीत शिकू नयेत. सुट्टीच्या दिवशी एखाद्या रिकाम्या मोठ्या मैदानात जा आणि दोन रिकामे खोके ठेवून सराव करा.

पहिली गोष्ट वळण. मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतल्या बाजूने कापत जातात. म्हणून नाक्यावर कारपेक्षा उशिरा वळायचं. पुढची चाकं थोडी पुढे जाऊ द्या, मग स्टीअरिंग फिरवा, आणि नजर आतल्या आरशात ठेवा. मागचं चाक फुटपाथच्या कडेला किती जवळून जातं ते तिथे दिसतं.

दुसरी गोष्ट शेपटी. मागच्या आसाच्या मागे जो दीड-दोन मीटर भाग असतो, तो वळताना उलट्या दिशेला बाहेर फेकला जातो. पेट्रोल पंपावरून निघताना चालक पुढे बघत स्टीअरिंग पूर्ण फिरवतो आणि गाडीचा मागचा कोपरा पंपाच्या खांबाला लागतो. अशा जागेतून बाहेर पडताना आधी गाडीची अर्धी लांबी सरळ पुढे जा, मग हळूहळू वळा.

तिसरी गोष्ट वारा. बाजूने मोठा ट्रक गेला की गाडी आधी बाहेर ढकलली जाते आणि लगेच आत ओढली जाते. पूल, घाटमाथा, आणि झाडांची रांग संपून मोकळं रान लागतं त्या जागी हेच होतं. दोन्ही हात स्टीअरिंगवर, वेग कमी, आणि झटक्याने उलट फिरवायचं नाही.

चौथी गोष्ट उतार. लांब उतारावर ब्रेक दाबून ठेवला तर तो तापतो आणि धरेनासा होतो. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका आणि इंजिनाला गाडी रोखू द्या. मागे गाड्यांची रांग लागली की संकोच वाटतो आणि पाय नकळत वेग वाढवतो. तसं करू नका. पहिली सुरक्षित जागा दिसताच बाजूला घ्या आणि सगळ्यांना जाऊ द्या.

गाडीची उंची लक्षात कशी ठेवायची?

लक्षात ठेवायचीच नाही, लिहून चिकटवायची. माहितीपत्रकातल्या उंचीत छतावर नंतर बसवलेली एसी, अँटेना आणि सौर पॅनल धरलेली नसतात, त्यामुळे स्वतः टेप लावून मोजा. त्यात पाच-दहा सेंटिमीटर मिळवा आणि आकडा स्टीअरिंगसमोर, नजर पडेल तिथे लावा. मीटरमध्ये आणि फुटांत, दोन्ही. रस्त्यावरची पाटी कुठल्या मापात येईल ते देशावर अवलंबून असतं.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामधल्या डरहम शहरात रेल्वेचा एक पूल आहे. त्याची उंची ११ फूट ८ इंच होती. पाट्या, दिवे, इशारे सगळं असूनही ट्रक आणि मोटारहोमची छपरं तिथे सोलून निघत राहिली. २०१९ मध्ये पूल ८ इंचांनी उचलला, तरी टकरी पूर्ण थांबल्या नाहीत. पाटी सगळे वाचतात. आपल्या गाडीचा आकडा त्या क्षणी डोक्यात नसतो.

कारसाठीचं नॅव्हिगेशन या बाबतीत कामाचं नाही. उंची, रुंदी, लांबी आणि वजन भरता येईल असं नॅव्हिगेशन घ्या आणि ते आकडे पहिल्याच दिवशी भरा. रुंदी मोजताना आरसे उघडे ठेवून मोजा. तरीही समोरची पाटी आणि पडद्यावरचा मार्ग यांत फरक पडला तर पाटीचं ऐका.

टायरची नक्षी चांगली शिल्लक आहे. तरी बदलायचे का?

वय बघा. मोटारहोम वर्षातले बरेच महिने एका जागी उभी असते, म्हणून नक्षी झिजायच्या आधी रबर म्हातारं होतं. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या मालिकेच्या शेवटी चार आकडे असतात. ३५२१ असेल तर टायर २०२१ सालच्या ३५ व्या आठवड्यात तयार झाला. सहा-सात वर्षं उलटली असतील तर लांबच्या प्रवासाआधी जाणकाराकडून तपासून घ्या, आणि बाजूला बारीक भेगा दिसत असतील तर वय न बघता बदला.

हवा गार टायरमध्ये, निघण्याआधी तपासायची. हवा कमी असेल तर टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, तापतो आणि फुटतो. चालून तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो तो तसाच असायला हवा, तेव्हा हवा सोडू नका.

चालू गाडीत मागे झोपलं किंवा चहा केला तर चालतं का?

नाही. पट्टा असलेल्या आसनावर, पट्टा लावून, एवढंच. लहान मूल रडत असेल तर गाडी थांबवा.

पाण्याची टाकी पूर्ण भरून निघावं का?

मुक्कामी पाणी मिळणार असेल तर पाव ते अर्धी टाकी पुरते. वजन वाचतं आणि इंधनही. रानात राहायचं असेल तर शेवटच्या टप्प्यावर, मुक्कामाच्या जवळ भरा.

पहिल्या वापराआधी टाकी आणि नळ्या टाकीसाठीच्या औषधाने धुऊन, दोनदा खळबळून घ्या. पिण्याच्या पाण्याची नळी स्वतःची, वेगळी आणि पिण्यासाठी योग्य अशी ठेवा. टॉयलेट धुण्याच्या जागेजवळही एक नळ असतो आणि त्याच्या तोंडाला लोकांनी नको ते लावलेलं असतं. पिण्याचं पाणी त्या नळावरून कधीही घेऊ नका.

पाणी किती पुरेल याचा अंदाज पहिल्या दोन दिवसांत येतो, मात्र मोजावं लागतं. भांडी वाहत्या नळाखाली धुतली तर टाकी डोळ्यांदेखत उतरते. अंघोळीला अंग ओलं करून पाणी बंद, साबण, मग पुन्हा चालू, अशी सवय लागली की दोघांना १०० लिटर दोन-तीन दिवस चालतं.

आणखी एक. पाण्याचं झाकण आणि डिझेलचं झाकण बऱ्याच गाड्यांवर सारखंच दिसतं. काही गाड्यांवर निळ्या झाकणाची, डिझेलचा धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाची, म्हणजे अ‍ॅडब्लूची तिसरी टाकीही असते. प्रत्येक झाकणाजवळ मोठ्या अक्षरांत लिहा. चुकीच्या टाकीत चुकीचं काही गेलंच तर किल्ली फिरवू नका, इंजिन सुरू न करता मदत बोलवा. टाकी रिकामी करून निभावतं. तेच द्रव इंजिनापर्यंत पोचलं तर प्रवास तिथेच थांबू शकतो.

टॉयलेटचं काय? खरं सांगायचं तर याचीच भीती वाटते.

बहुतेकांना वाटते, आणि दोनदा केलं की जाते. १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पिअर्स-अ‍ॅरो कंपनीने टूरिंग लँडो ही गाडी मांडली होती. मोटारहोमच्या पूर्वजांमध्ये तिचं नाव घेतात. तिच्यात पलंग होणारं मागचं आसन होतं, चालकाच्या पाठीमागून उघडणारं बेसिन होतं आणि शौचासाठी एक भांडं होतं. प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे आणि आजचं उत्तर त्याहून खूप सोपं आहे.

दोन पद्धती असतात. युरोपात जास्त दिसते ती कॅसेटची: सतरा ते वीस लिटरची, बाहेरच्या दारातून ओढून काढायची आणि चाकांवर ढकलत न्यायची पेटी. दोघांना ती दोन ते तीन दिवस पुरते. ती भरल्याचा दिवा लागायची वाट बघू नका, रोज सकाळी किंवा एकाआड एक दिवस रिकामी करा. ओतताना नळकांड्याचं तोंड खाली करा आणि हवेचं बटण अंगठ्याने दाबून धरा. ते दाबलं नाही तर द्रव गचके देत बाहेर पडतं आणि उडतं. मग थोडं पाणी घालून हलवा, पुन्हा ओता, आणि शेवटी औषध व दोन-तीन पेले पाणी घालून पेटी जागेवर बसवा. हातमोजे फक्त या कामाचे ठेवा, आणि पेटीच्याच कप्प्यात ठेवा.

मोठ्या गाड्यांमध्ये मैल्याची पक्की टाकी असते आणि वापरलेल्या पाण्याची वेगळी. इथे एक गोष्ट ठामपणे पाळायची: कॅम्पसाइटच्या गटाराला नळी जोडलेली असली तरी मैल्याच्या टाकीचा कॉक बंद ठेवायचा. उघडा ठेवला तर पाणी निघून जातं आणि घट्ट भाग तळाशी ढीग होऊन वाळतो. टाकी बरीचशी भरू द्या, मग एकदम सोडा. आधी मैल्याची टाकी, नंतर वापरलेल्या पाण्याची, म्हणजे साबणाचं पाणी नळी धुऊन काढतं. रिकामी झाल्यावर टाकीत थोडं पाणी पुन्हा घालून ठेवा.

हे सगळं ठरवून दिलेल्या जागीच करायचं. रस्त्याकडेच्या नाल्यात पाणी सोडणारी एक गाडी पुढच्या शंभर गाड्यांसाठी ती जागा बंद करून जाते. याबद्दल मला अजिबात सूट द्यावीशी वाटत नाही.

दुसऱ्याच संध्याकाळी बॅटरी उतरली. बॅटरी खराब आहे का?

बहुधा नाही. घरात वीज किती लागते याचा आपण कधी विचार केलेला नसतो, इथे तो करावा लागतो. गाडीत दोन वेगळ्या बॅटऱ्या असतात: एक इंजिनासाठी, दुसरी राहण्याच्या भागासाठी. दुसरी साधी, लेड-अ‍ॅसिड प्रकारची १०० अँपिअर-तासांची असेल तर त्यातली निम्मीच वापरायची, नाहीतर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. तिला थोडा वेळ आराम देऊन मोजलं तर भरलेली असताना १२.७ व्होल्टच्या आसपास दिसतं आणि निम्म्यावर आल्यावर १२.२. म्हणजे १२ चा आकडा दिसला की अजून भरपूर आहे असं वाटतं, प्रत्यक्षात ती रिकामी होत आलेली असते. लिथियम बॅटरीतून ८० ते ९० टक्के घेता येतं, पण गोठणबिंदूच्या खाली ती चार्ज करायची नसते.

एलईडी दिवे, पाण्याचा पंप आणि फोन यांना फार काही लागत नाही. वीज खातात त्या गरम करणाऱ्या वस्तू. १,२०० वॉट ओढणारा मायक्रोवेव्ह इन्व्हर्टरवर चालवला तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून १०० अँपिअरहून जास्त प्रवाह जातो. केटल आणि हेअर ड्रायर त्याच जातीचे. रात्री पाण्याचा पंप बंद करायची सवय लावा. त्यात वीज वाचते, आणि एखादा जोड गळत असेल तर सकाळी सगळी टाकी फरशीवर सांडलेली सापडत नाही.

कॅम्पसाइटवर वीज जोडली म्हणजे घरासारखी वीज आली, असंही नाही. खांबावर किती अँपिअर आहेत ते आधी विचारा. २३० व्होल्टवर ६ अँपिअर म्हणजे १,३८० वॉट. दोन हजार वॉटची केटल लावली की खांबावरचा कट-आउट पडतो, आणि कधी कधी शेजारच्याचीही वीज जाते. केबलची रीळ थोडी लागली तरी पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या केबलमधून जास्त प्रवाह गेला तर ती आतल्या आत तापते आणि वितळू शकते.

फ्रीज थंडच होत नाही.

तो तीन प्रकारे चालणारा, म्हणजे गॅस, खांबावरची वीज आणि बॅटरी यांवर चालणारा असेल, तर दोन कारणं नेहमीची. पहिलं, गाडी तिरकी उभी आहे. या फ्रीजमध्ये पंप नसतो. आतलं अमोनिया आणि पाणी उष्णतेने आणि गुरुत्वाकर्षणाने फिरतं, गाडी कलली की ते एका जागी साचून राहतं. पाणसळ फ्रीजजवळच्या ओट्यावर ठेवा आणि चाकांखाली रॅम्प घालून गाडी सपाट करा. झोप आणि मोरीचा निचरा, दोन्ही त्यातच सुधारतात. दुसरं, घाई. हा फ्रीज पुरता गार व्हायला कित्येक तास घेतो. निघण्याच्या आदल्या दिवशी विजेवर सुरू करून ठेवा आणि आत भरायच्या वस्तू आधीच गार केलेल्या असू द्या.

बॅटरीवर तो फक्त गाडी चालू असताना ठेवायचा. कॉम्प्रेसरचा फ्रीज असेल तर तिरकेपणाची एवढी चिंता नाही, तो बॅटरीवरही चालतो.

गॅस सिलिंडर घेऊन फिरणं सुरक्षित आहे का?

नियम पाळले तर आहे. गाडी चालू असताना सिलिंडरचा कॉक बंद. अपघात झाल्यास आपोआप गॅस तोडणारा रेग्युलेटर असेल आणि त्या देशात परवानगी असेल तरच अपवाद. पेट्रोल पंपावर आणि फेरीबोटीवर कोणतीही ज्योत पेटती नको, फ्रीजचीही नको. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून फरशीत जाळीची भोकं ठेवलेली असतात. थंडी येते म्हणून ती बुजवू नका.

शेगडी पेटवून गाडी गरम करायची नाही, कितीही थंडी असली तरी. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. त्याचा आणि धुराचा इशारा देणारं यंत्र झोपायच्या जागेजवळ हवं, आणि निघण्याआधी त्याचं बटण दाबून आवाज येतो का बघा.

थंड प्रदेशात गॅस भरलेला असूनही शेगडी पेटत नाही, तेव्हा सिलिंडरमध्ये ब्यूटेन असण्याची शक्यता मोठी. ब्यूटेन सुमारे उणे अर्ध्या अंशाला उकळतो, त्याखाली तो वायू होत नाही. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत साथ देतो.

सकाळी खिडक्यांवरून पाणी ओघळतं. गळती आहे का?

बहुतेक वेळा ती आपल्याच श्वासाची आणि स्वयंपाकाची वाफ असते. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ लिटर पाणी तयार होतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. रांधताना वरची खिडकी उघडी ठेवा, रात्री एखादी फट असू द्या, ओले टॉवेल आत वाळत घालू नका, सकाळी काचा पुसा. गादी उचलून खालची फळी ओली आहे का तेही पहिल्या आठवड्यात एकदा बघा. फक्त एकाच कोपऱ्यात, पाऊस पडल्यावरच ओल दिसत असेल तर मात्र ती गळती आहे, आणि तिला थांबवायला वेळ लावू नये.

रात्री कुठेही थांबता येतं का?

नाही, आणि एका देशातला नियम दुसऱ्या देशात धरून चालू नका. काही ठिकाणी गाडी उभी करून झोपायला परवानगी असते, पण खुर्ची बाहेर मांडली की तो तळ ठोकणं ठरतो. न्यूझीलंडमध्ये मोकळ्या जागी राहण्यासाठी पाणी आणि टॉयलेटची स्वतःची सोय असल्याचं प्रमाणपत्र बऱ्याच ठिकाणी लागतं, आणि २०२३ च्या कायद्याने त्यासाठी टॉयलेट गाडीत पक्कं बसवलेलं असणं आवश्यक केलं. अमेरिकेत केंद्र सरकारच्या ताब्यातल्या भूव्यवस्थापन विभागाच्या मोकळ्या जमिनींवर साधारणपणे २८ दिवसांच्या काळात १४ दिवस राहता येतं. जिथे जायचं तिथला नियम आणि जागेवरची पाटी, दोन्ही वाचा.

जागा निवडताना गाडीचं तोंड बाहेरच्या बाजूला ठेवा. अस्वस्थ वाटलं तर मागे न घेता सरळ निघता येतं. आणि वाटलंच, तर कारण शोधत बसू नका, निघा.

पहिल्या दोन रात्री झोपच लागली नाही.

हे नेहमीचंच. छतावरचा पाऊस मोठा वाटतो, फ्रीज मध्येच घुमतो, कोणी कूस बदलली की अख्खी गाडी हलते. डोकं वरच्या बाजूला येईल अशी गाडी लावा, पडदे पूर्ण लावा, कपाटात वाजणारी वस्तू शोधून तिच्यामध्ये फडकं घाला. तिसऱ्या-चौथ्या रात्री बहुतेकांना झोप लागते. तोवर दुसऱ्या दिवशी लांब गाडी चालवू नका.

गाडी भाड्याची आहे. ताब्यात घेताना काय बघू?

घाई करू देऊ नका. बाहेरून चारही बाजू, छत, काचा, टायर आणि आतून प्रत्येक कपाट यांचा सलग व्हिडिओ काढा. पाणी, गॅस, हीटर, फ्रीज, टॉयलेट हे सगळं तुमच्या हाताने चालवून दाखवायला सांगा. समोरच्याने भराभर दाखवलेलं संध्याकाळपर्यंत आठवत नाही. विम्यात छताचं आणि गाडीखालचं नुकसान येतं का ते कागदावर वाचा. बऱ्याचदा नेमकं तेच वगळलेलं असतं. रस्त्यात मदत देणारी सेवा तुमच्या गाडीच्या उंचीची आणि वजनाची गाडी उचलते का, हेही विचारा.

आम्ही दोघं एरवी भांडत नाही, पण गाडी मागे घेताना रोज भांडण होतं.

याला उपाय आहे. उतरलेल्या माणसाने गाडीच्या थेट मागे उभं राहायचं नाही. चालकाच्या बाजूच्या आरशात दिसेल असं, थोडं तिरकं उभं राहायचं. तुम्हाला आरशात चालकाचा चेहरा दिसला नाही, तर चालकालाही तुम्ही दिसत नाही. ओरडायचं नाही, हाताच्या खुणा आधी ठरवायच्या: ये, डावीकडे, उजवीकडे, थांब. थांबची खूण दोन्ही हात वर. आणि माणूस आरशातून नाहीसा झाला की चालकाने त्या क्षणी थांबायचं, मग मागून काहीही ऐकू येवो. खालच्या अडथळ्याबरोबर वरची फांदीही बघायची, ती कॅमेऱ्यात येत नाही.

बाकी कामांचीही वाटणी करा आणि पहिला आठवडा ती बदलू नका. एकाने बाहेरचं सगळं, दुसऱ्याने आतलं. दोघांनाही दिवसातून तासभर एकटं राहायची मुभा हवी. कोणी न सांगता फिरून आलं तर त्याचा अर्थ लावत बसायचं नाही.

सकाळी निघताना काय तपासायचं?

छापील यादी करा आणि ती स्टीअरिंगवर अडकवा. यादी काढल्याशिवाय गाडी सुरूच करता येऊ नये, अशी अडकवा. आतून: छताच्या खिडक्या आणि बाजूच्या खिडक्या बंद, कपाटं आणि फ्रीजची कडी लागलेली, शेगडीवर काही नाही, गॅस बंद, पंप बंद, अँटेना खाली. बाहेरून: वीज केबल काढली, पाण्याची नळी काढली, वापरलेल्या पाण्याचा कॉक बंद, पायरी आत, छत्री गुंडाळलेली, रॅम्प उचलले, सगळी झाकणं बंद, चाकांना नजर.

मग दुसऱ्या माणसाने गाडीभोवती पूर्ण फेरी मारायची, यादी न बघता, नुसत्या डोळ्यांनी. तपासताना मध्येच कोणी गप्पा मारायला आलं तर यादी पुन्हा पहिल्यापासून. कॅम्पसाइटवर सकाळी निरोप घ्यायला शेजारी येतात, आणि नेमकी तेव्हाच केबल खांबाला राहते. शंभर मीटर गेल्यावर एकदा थांबा. काय खडखडतंय ते ऐका, उतरून मागे बघा आणि मग रस्त्याला लागा.

लांबचे टप्पे कधीपासून सुरू करावेत?

तारखेवरून ठरवू नका, कामावरून ठरवा. मुक्कामी पोचल्यावर गाडी अर्ध्या तासात लागते का? पाणी आणि बॅटरी किती दिवस पुरते हे आकड्यात सांगता येतं का? टॉयलेट रिकामं करायची पाळी कोणाची, यावर चर्चा होते का? या तिन्हींची उत्तरं मनासारखी आली की अंतर हळूहळू वाढवा, आणि तरीही दर तीन-चार दिवसांनी एक दिवस गाडी जागेवरच ठेवा. कपडे धुणं, आतली साफसफाई, टायरची हवा आणि पुढच्या मुक्कामाला फोन, ही कामं त्या दिवसाची.